वरच्या मजल्यावरची बैठक

९ मार्च १९९७, रविवार
गुडगाव

आलो बुवा एकदाचा. कापसहेड्याच्या नाक्यावर हरियाणा पोलिसांनी आमचा टेम्पो अडवला. गाद्यांच्या वळकट्या उलगडून बघितल्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून वास घेतला. मला वाटलं, कैरीचं लोणचं इकडे गुन्हा आहे की काय! ड्रायव्हर हसून म्हणाला, साहब, इथे गेल्या जुलैपासून दारूबंदी आहे. रस्त्याच्या त्या अंगाला दिल्ली, तिथे हवी तेवढी प्या. या अंगाला आणलीत की आत. मी हवालदाराला आग्रह करून लोणच्याची फोड खायला लावली. त्याने डोळे पुसत गाडी सोडली.

घर झकास आहे. तीन मजली नवी इमारत, आमचा मजला मधला. रंगाचा वास अजून जात नाही. मागच्या गॅलरीतून मोहरीचं शेत दिसतं आणि त्यात चक्क मोर. पुढच्या खिडकीतून काचेचा टॉवर उभा राहताना दिसतो. मोर आणि टॉवर दोघांचाही आवाज सारखाच कर्कश. तळमजल्यावर यशोधन आणि सुखदा हे पुण्याचं तरुण जोडपं राहतं, दोघंही संगणकाच्या कंपनीत. अर्ध्या तासात सुखदा चहा घेऊन वर आली आणि काका म्हणायला लागली. सगळ्यात वरचा मजला रिकामा. मालक अमेरिकेत, आतलं काम अर्धवट. त्याची किल्ली माझ्याकडेच आहे, कारण इमारतीच्या जनरेटरची वायर वरपर्यंत मीच ओढून देणार आहे.

ही रोजनिशी सांगलीहून निघताना बायकोने, लतिकाने दिली. म्हणाली, फोनवर तुम्ही गप्पा हाणता, पण जेवलात का ते सांगत नाही. आठवड्यातून एकदा तरी लिहा, मी आले की वाचणार आहे. बघ लतिका, पहिल्याच दिवशी लिहिलं. जेवलो. सुखदाने पिठलं-भात पाठवला होता.

२३ मार्च, रविवार

धंद्याला ही जागा सोन्याची आहे. परदेशी कंपन्या रोज येताहेत, प्रत्येकीला काचेची इमारत पाहिजे, थंडगार हवा पाहिजे, आणि वीज तर दिवसातून चारदा जाते. जनरेटरशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही. सांगलीत वयाच्या चौदाव्या वर्षी डिझेलमध्ये नटबोल्ट धुवायला बसलो होतो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की बळवंत शिंत्रेचं तिसरं दुकान दिल्लीच्या वेशीवर निघणार, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

इथे मला पहिलं काम दिलीप यादवने दिलं. मूळचा इथल्याच गावचा, बापाची जमीन बिल्डरला विकली आणि स्वतः ठेकेदार झाला. त्याचं जनरेटरचं मशीन अधूनमधून ठोके देत होतं. मी नेहमीसारखं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग. उघडलं तर तेच. दिलीप माझ्या कानाची पाळी ओढून म्हणाला, बलवंत भाई, या कानांचा विमा उतरव, बाकीचं शरीर गेलं तरी चालेल.

कानाची देणगी आहे खरी. भिंतीपलीकडे नळ ठिबकत असला तरी कोणत्या वॉशरचा ते मी सांगतो. लतिका म्हणते, घरात कुजबुजायची सोय नाही.

१४ एप्रिल, सोमवार

इथे सौदा ऑफिसात ठरत नाही, बैठकीत ठरतो. दिलीपचं फार्महाउस दिल्लीच्या हद्दीत आहे, म्हणजे कायद्याने सगळं चोख. बिल्डर, आर्किटेक्ट, कंपन्यांचे खरेदी-अधिकारी, सगळे तिथे संध्याकाळी जमतात. ग्लास हातात आल्यावर जो ‘सोचेंगे’ म्हणत होता तोच ‘भेज दो मशीन’ म्हणतो. बाटल्या गुडगावात येतात त्या माझ्याच मशीनच्या बॅटरीच्या पेटीतून. पोलीस डिझेलच्या वासाने नाक मुरडून सोडून देतात.

मी घेतो. लपवायचं कशाला? पण माझे नियम आहेत: सोबत असल्याशिवाय नाही, दिवस मावळल्याशिवाय नाही, उपाशीपोटी नाही. बाकीचे तिसऱ्या ग्लासाला गळ्यात पडून रडतात आणि मी ताठ. काल सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या घरी मीच पोचवलं. आर्किटेक्ट म्हणाला, आपका तो लिव्हर स्टील का है. विनोद माझा, हशा माझा, ऑर्डरपण माझीच.

त्यांना मी श्रावणाचंही सांगितलं. पंचवीस वर्षांत एकही श्रावण मोडलेला नाही, महिनाभर थेंब नाही. लतिकाचे वडील आमच्या लग्नाच्या आधी कुरकुरत होते, तेव्हा माझ्या मामाने त्यांना हेच सांगितलं होतं: ज्याला महिनाभर सोडता येते तो दारुडा कसा? आमच्याकडे हा प्रश्न विचारला की विषय संपतो.

१ जून, रविवार

उन्हाने डांबर वितळतंय. वीज सहा-सहा तास नाही. चौदा-पंधरा मशीनं एका दमात बसवली. घरी आलो की अंग नुसतं थरथरतं, कानात इंजिनं चालूच राहतात. झोप लागत नाही.

म्हणून सोबतीचा नियम जरा सैल केला. टीव्ही लावतो, तीच सोबत. दोन ग्लासांत आवाज बंद व्हायचे. आता दोनाने भागत नाही. नशाही येत नाही, हे विशेष. झोप तेवढी येते. बाटली पूर्वी आठवडा पुरायची, आता मध्येच दिलीपला फोन करावा लागतो.

लतिका आणि आमची लेक देवयानी या महिन्यात यायच्या होत्या. मीच म्हटलं, देवयानीची कॉलेज-प्रवेशाची धावपळ उरकू दे, पंधरा ऑगस्टला या, स्वातंत्र्याची पन्नाशी आहे, राजपथावर रोषणाई दाखवतो. लतिकाने विचारलं, आवाज असा जड का येतोय, तोंडात काही आहे का? म्हटलं, आंबा.

१२ जुलै, शनिवार

गोष्ट लहान आहे, पण लिहून ठेवतो. काल सकाळी इंजिनातल्या टॅपेटची फट मोजत होतो. कागदासारखी पातळ पट्टी असते, ती फटीत सरकवायची. पंचवीस वर्षं डोळे मिटून करतोय. काल ती पट्टी फटीत जाईचना. हात असा कापत होता जसा काही कुणी मनगट धरून हलवतंय. दिलीप बाजूलाच होता. त्याने हसून गाडीतून चहाच्या पेल्यात थोडी ओतून आणली, दवा समझ के खींच ले म्हणाला. ओढली. हात दगडासारखा स्थिर झाला आणि पट्टी लोण्यात सुरी जावी तशी गेली.

आज सकाळीही तेच केलं. इंजिनाला जसं वंगण, तसं. दात घासायच्या आधी घेतली की दिवस सुरळीत जातो.

जेवण कमी झालंय. सुखदा पोहे ठेवून गेली, ते तसेच आहेत. ती म्हणाली, काका, तुम्ही बारीक झालात, काकूंना फोन करू का? मी तिला हसवून परत पाठवलं.

श्रावण जवळ आला, ते एक बरं झालं. एक महिना स्वच्छ काढतो. मग लतिका येईल तेव्हा बघेल.

३ ऑगस्ट, रविवार

दिव्याची अवस. सुखदाने कणकेचे दिवे करून आणले, गूळ-तुपासकट. मी मात्र दिलीपच्या फार्मवर गटारी साजरी केली. त्या लोकांना समजावताना पुरेवाट झाली. त्यांचा सावन अर्धा संपला, कावडवाले गंगेचं पाणी घेऊन परतसुद्धा आले, आणि आमचा उद्या सुरू होणार. दिलीप म्हणाला, तुम्हारे महाराष्ट्र की गाड़ी पंद्रह दिन लेट चलती है क्या? आणि श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी एवढी प्यायची? वाह रे भगत! म्हटलं, टाकी रिकामी करायची तर एकदा काठोकाठ भरून बघायची. सगळे हसले.

सकाळपासून घेतोय. घरात उरलेल्या बाटल्यापण दिलीपला देऊन टाकल्या. उद्यापासून थेंब नाही. एकदम बंद. मी हळूहळू सोडणाऱ्यातला नव्हे.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावण सुरू. पहाटे आंघोळ केली, महादेवाच्या फोटोपुढे दिवा लावला, मुगाची खिचडी टाकली. मन प्रसन्न.

दुपारी खिचडी उलटून पडली. अंगातून घामाच्या धारा, आणि वर थंडी वाजते. हात इतके कापताहेत की चहा बशीतच जास्त सांडला. खिडकीतला उजेड डोळ्यात टोचतो. शेतातला मोर ओरडला तर मी खुर्चीतून उडालो. सगळे आवाज फार जवळून येताहेत. भिंतीतल्या वायरीतून वीज वाहते तीही ऐकू येतेय, असं वाटतं.

मागच्या कुठल्या श्रावणात असं झालं नव्हतं. पण तेव्हा सकाळची नसायची. मलेरिया असेल. बांधकामाच्या खड्ड्यांत पाणी साचलंय.

वरच्या मजल्यावर पंप चालू आहे. रिकाम्या घरात पंप कशाला?

५ ऑगस्ट, मंगळवार

डोळ्याला डोळा नाही. सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उन्हात, वर कुणीतरी खाट ओढली. मग दुसरी. मग सोड्याच्या बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज. मग बर्फ: ग्लासात एकाला एक आपटणारा. या कानाची चूक होत नाही.

सुखदाला विचारलं. म्हणाली, काका, वर कुणी नाहीये, किल्ली तर तुमच्याकडेच आहे. 

दिलीप आला आणि मला उचलून मार्केटमधल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर शालिनी म्हणून आहेत, पन्नाशीच्या, शांत. नाडी बघितली, रक्तदाब बघितला, दोन्ही हात पुढे धरायला लावले. मग विचारलं, तुम्ही रोज पिता का? आणि शेवटची केव्हा घेतली?

बाकावर एक हवालदार पायाला पट्टी बांधून घ्यायला बसला होता. कान टवकारून. मी म्हटलं, नाही हो मॅडम, हरियाणात दारूबंदी आहे ना.

त्यांनी पंख्याखालची खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, मी पोलीस नाही. ऐका. जो माणूस महिनोन्‌महिने रोज पितो, सकाळचीही घेतो, त्याने एकदम बंद केली तर तो शहाणपणा नसतो, ते धोक्याचं असतं. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध सतत जोर लावायला शिकतो. दाब एकदम काढला की तो जोर मोकाट सुटतो. आधी हात कापतात, घाम, झोप नाही. मग नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली माणसं दिसतात. मग झटके. पहिले तीन-चार दिवस माणूस मरूही शकतो, आणि धडधाकट दिसणारे मरतात. नशा चढत नाही याचा अर्थ माणूस दणकट आहे असा नाही. शरीराला तिची सवय झालीय असा. सोडायची असते, पण दवाखान्यात पलंगावर, औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखाली. मनाच्या बळावर नाही. असं काही असेल तर आत्ताच्या आत्ता भरती व्हा, घरी फोन करा.

मी हसून म्हटलं, मॅडम, हे दारुड्यांना सांगा. मला साधा मलेरिया आहे. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मलेरियाची तपासणी करते. पण दार उघडं आहे, केव्हाही या.

गाडीत दिलीप भडकला. तो म्हणाला, अबे, डॉक्टर से क्या पर्दा? आणि डिकीतली बाटली दाखवून म्हणाला, दवाखान्यात जायचं नसेल तर निदान दोन घोट घे, रंग बघ तुझा. म्हटलं, दिलीप, श्रावण आहे. पंचवीस वर्षं मोडला नाही. आणि भरती झालो तर लतिकाला कळवावं लागेल. काय कळवू? बळवंत शिंत्रेला दारू सोडण्यासाठी पलंग लागला?

वर बर्फ वाजतोय.

६ ऑगस्ट, बुधवार

स्वयंपाकघरात फरशीवर जाग आली. कसा आलो आठवत नाही. जीभ चावली गेलीय, तोंडात रक्त. खांदा उचलत नाही. लेंगा ओला. डॉक्टरबाई झटक्यांचं बोलल्या होत्या ते— नाही. घसरलो असेन.

वर बैठक भरलीय. भर दुपारी. आता शब्दही कळतात. आर्किटेक्ट आहे. दिलीप आहे. अजून पाचसहा जण, ओळखीचे नाहीत. विचारताहेत, बलवंत भाई नहीं आए? कोणीतरी म्हणालं, येईल, आज ना उद्या. मग एकजण विनोद सांगायला लागला. कैरीचं लोणचं आणि हवालदार. माझा विनोद. माझीच थांबायची ढब, माझंच ‘आणि मग बघा गंमत’.

तो आवाज माझा होता.

स्वतःचा आवाज माणूस ओळखत नाही म्हणतात. मी ओळखतो. त्याच्या घशातली खरखर सुद्धा माझी. सगळे हसले. मी खाली उभा, भिंतीला कान लावून.

मग मी वर बसलोय, तर खाली कोण आहे?

किल्ली घेतली. जिना चढताना दोनदा बसावं लागलं. कुलूप गंजलेलं, नीट उघडेना, हात— उघडलं. आत ऊन पडलं होतं. सिमेंटच्या पोत्यांची चळत, बाकी काही नाही. सगळीकडे धुळीचा थर, त्यावर एक पाऊल नाही. माझंच, दारातलं. खाट नाही, ग्लास नाही, चिटपाखरू नाही. मी मोठ्याने हसलो. म्हटलं, बळवंतराव, डॉक्टरबाईंना उद्या पेढे दिले पाहिजेत, त्या बरोबर सांगत होत्या.

तेवढ्यात हसणं ऐकू आलं. बर्फ. सोडा.

खालून. माझ्या घरातून.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळ.

अक्षर असं येतंय, इलाज नाही. ताप आहे. रात्रभर त्यांच्याशी वाद. घरात आले होते, मी आल्यावर भिंतीत गेले. आता वायरींच्या नळ्यांतून फिरतात. स्विचच्या फटीतून एकाचा डोळा—

फोन वाजला. लतिका. म्हणाली, अहो, काय झालंय, सुखदाने कळवलं, मी आज गाडीत— तिच्या मागून कुणीतरी ग्लास ठेवला. स्पष्ट. म्हटलं, तू कुठून बोलतेस? मिरज स्टेशनवरून म्हणाली. स्टेशनवर बर्फ कुठला? ते बोलताहेत तिच्या आवाजात. पक्कडीने फोनची वायर तोडली.

दुपार.

डोकं थोडं मोकळं झालंय. पटापट लिहितो.

लोड. डॉक्टरबाई म्हणाल्या ते लोडचं आहे. मशीनवर पूर्ण लोड असतो तेव्हा इंजिन जोर लावतं, डिझेल भरपूर ओढतं. लोड एकदम काढलास की तोच जोर मोकळा सुटतो, इंजिन पळतं, पळत सुटतं, आवरत नाही, फुटतंसुद्धा. शिकाऊ पोरालापण मी पहिल्या दिवशी हे शिकवतो. लोड एकदम काढायचा नाही. टप्प्याटप्प्याने, देखरेखीखाली. आणि मी गटारीला काठोकाठ भरून दुसऱ्या दिवशी—

आजार आहे हा. मलेरिया नाही. बैठक नाही. मला दवाखान्यात गेलं पाहिजे. लतिका, मी बाईंशी खोटं बोललो. हवालदाराच्या भीतीने नाही, तुझ्यासमोर लाज वाटेल म्हणून.

सुखदा दार वाजवतेय. म्हणते, काका, उघडा ना, यशोधनने गाडी काढलीय, डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलंय, त्या हॉस्पिटलात जागा करताहेत. काकू मिरजेहून रेल्वेत बसल्यात, उद्या पोचतील. उघडा ना, प्लीज.

जातो. चप्पल कुठे—

दाराशी गेलो. कडीवर हात होता. बाहेर यशोधन म्हणाला, आइए बलवंत भाई, सब इंतज़ार कर रहे हैं.

यशोधन मला काका म्हणतो.

कपाट लावलं दाराला. वर टेबल.

संध्याकाळ, बहुतेक.

दिलीप. खरा का दुसरा. डॉक्टरबाई पण. दाराबाहेर सगळे. दार तोडतो म्हणतात. म्हटलं, तोडाल तर गॅलरीतून उडी मारेन. पावलं मागे सरली. बाई कुणाला तरी म्हणाल्या, धक्का नको, बोलत राहा, त्याला एकटं सोडू नका.

किती गोड आवाज काढतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उजाडलं. नागपंचमी आज. खाली सुखदा कुणाला तरी सांगत होती.

छातीत इंजिन पळतंय. ऐकतोय मी. फार वर गेलंय.

तो समोर बसलाय. माझा शर्ट घालून. ग्लास भरतोय, दोन. म्हणतो, आपली जागा आपण सोडायची नाही, बळवंतराव. बस. सगळे भिंतीला टेकून—

आरशात नाही मी. तो आहे.

गॅलरीकडे बघायचं नाही. जाळी सैल आहे. तो सारखा तिकडेच बोट—

दार.

ऊन कललंय. लतिकाचा आवाज. अहो, मी आलेय. उघडा. अहो, ऐकताय ना. देवयानीला मावशीकडे ठेवून आले, एकटी आले, उघडा बघू.

नाही.

काल फोनवर पण असाच होता. हुबेहूब. रडणंही हुबेहूब. हे सगळं येतं त्यांना. तो समोरचा हसतोय, म्हणतो, बघ, तिलाही बोलावली बैठकीला.

कान. कानावर विसंबायचं नाही आता. आयुष्यभर विसंबलो. कापूस—

रडणं थांबलं.

भांडते आहे. कुणाशी? सुतार. तो म्हणतो, बहनजी, नया दरवाज़ा है, सागवान है, मालिक क्या बोलेगा. आणि ती— अरे, दरवाजे का क्या लेके बैठा है तू, मेरा नवरा अंदर है, हळू तोड पण तोड, और तुम यशोधन, उधर गॅलरी के नीचे जाके खडे रहो, गादी लेके, बघत काय बसलाय—

हे बैठकीतले लोक सागवानाबद्दल कधी बोलत नाहीत. गादीबद्दल नाही. फक्त माझ्याबद्दल. त्यांची हिंदी चोख आहे.

ही हिंदी जगात दुसऱ्या कुणाला यायची नाही.

समोरची खुर्ची रिकामी.

लतिकाच आहे. लतिका आलीय.

लते, थांब, नको तोडायला, मीच उघडतो. टेबल काढतो आधी. मग कपाट. हे लिहून ठेवतो, म्हणजे तू वाचशील तेव्हा कळेल मी ओळखलं होतं तुला, उशिरा पण ओळख— हात. उजवा हात आपोआप— मान वळतेय तिकडे, मी वळवत नाही— लते, जबडा— कपाट जड, मला ये